मेंदूतील गाठीवर चाकू न लावता उपचार : 'रेडिओसर्जरी' म्हणजे काय, कोणाला उपयोगी आणि कोणाला नाही?

डोकं दुखतंय म्हणून किंवा अचानक फिट आली म्हणून माणूस तालुक्याच्या दवाखान्यात जातो. तिथून सिटी स्कॅनला पाठवतात. रिपोर्टवर 'एसओएल' अशी तीन अक्षरे येतात आणि घरातल्यांच्या पायाखालची जमीन सरकते. मग कोणी सांगतं डोक्याचं ऑपरेशन करावं लागेल, कोणी सांगतं मुंबईला मशीनने एका दिवसात गाठ जाळतात, कोणी म्हणतं रान विकलं तरी उपयोग नाही. या तिन्ही गोष्टी सरसकट खऱ्या नाहीत. ज्या मशीनबद्दल बोलले जाते ती 'गामा नाइफ' आणि तिच्यासारखी इतर यंत्रे नेमके काय करतात, याची ही सविस्तर माहिती.

आधी 'एसओएल' म्हणजे काय ते समजून घ्या

'स्पेस ऑक्युपाइंग लिजन' याचे ते छोटे रूप. म्हणजे मेंदूत जागा अडवून बसलेली काहीतरी गोष्ट. हे रोगाचं नाव नाही आणि कॅन्सर असा त्याचा अर्थही नाही. ती गोष्ट साधी गाठ असू शकते, कॅन्सरची असू शकते, पू साठलेला असू शकतो किंवा क्षयाची गाठ असू शकते.

आपल्या देशात एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवायला हवी. तरुण माणसाला पहिल्यांदाच फिट आली आणि स्कॅनमध्ये छोटा गोल ठिपका दिसला, तर तो अनेकदा टेपवर्म नावाच्या चपट्या जंताच्या अळीचा किंवा टीबीचा असतो. या जंताची अंडी न धुतलेली भाजी, घाण पाणी आणि अस्वच्छ हात यांतून पोटात जातात. त्यामुळे पूर्ण शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. यावर औषधगोळ्यांचा उपचार असतो, रेडिएशन लागत नाही. म्हणून नुसत्या सिटी स्कॅनवर कोणताही मोठा निर्णय घेऊ नये. रंगद्रव्य देऊन केलेला एमआरआय आणि मेंदूच्या तज्ज्ञाचे मत, या दोन गोष्टी आधी व्हायला हव्यात.

रेडिओसर्जरी म्हणजे काय?

नावात सर्जरी आहे, पण यात कवटी उघडत नाहीत, टाके पडत नाहीत. किरणांचा मोठा डोस अगदी नेमक्या जागी, एकाच वेळेस किंवा जास्तीत जास्त पाच वेळेस दिला जातो. गावाकडे ज्याला 'लाईट देणे' किंवा 'शेक देणे' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. फरक नेमकेपणात आहे.

सोप्या उदाहरणाने सांगायचे तर गावातल्या दोनशे घरांनी एकेक घागर पाणी आणून एकाच हौदात ओतले असे समजा. कोणत्याही वाटेवर चिखल होत नाही, पण हौद मात्र भरतो. गामा नाइफमध्ये हेच होते. सुमारे दोनशे दिशांनी बारीक किरण डोक्यात शिरतात. एकेक किरण इतका कमजोर असतो की वाटेतल्या चांगल्या मेंदूला विशेष इजा होत नाही. सगळे किरण जिथे एकत्र येतात तिथे मात्र डोस जबरदस्त होतो. गाठ त्या जागी असते. नेमकेपणा एक मिलिमीटरच्या आत राखला जातो.

रोजच्या रेडिएशनमध्ये साधारण २ ग्रे इतका डोस आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे देतात. (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचे माप आहे.) रेडिओसर्जरीत गाठीच्या प्रकारानुसार १२ ते २४ ग्रे एकाच बैठकीत दिले जातात. डोस एवढा मोठा असल्याने जागा चुकून चालत नाही. म्हणूनच सगळा वेळ मोजमापात आणि नियोजनात जातो.

सुरुवात कुठे झाली?

स्वीडनचे मेंदू शल्यचिकित्सक लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली ही कल्पना मांडली आणि 'रेडिओसर्जरी' हा शब्दही त्यांचाच. त्या काळी मेंदूच्या ऑपरेशनमध्ये रुग्ण दगावण्याचे प्रमाण मोठे होते. कवटी न उघडता आत पोहोचता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. भौतिकशास्त्रज्ञ बोर्ये लार्सन यांच्यासोबत काम करून १९६७-६८ च्या सुमारास स्टॉकहोममध्ये पहिली गामा नाइफ तयार झाली. त्यात कोबाल्ट-६० चे १७९ स्रोत होते. विशेष म्हणजे ती गाठीसाठी नव्हे, तर असह्य वेदना आणि हातापायांचा कंप अशा आजारांसाठी बनवली होती. गाठीवरचा वापर पुढे वाढत गेला.

भारतात १९९० च्या दशकात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आणि दिल्लीच्या एम्समध्ये गामा नाइफ आली. पुढे चंदीगडचे पीजीआय, बंगळुरूचे निमहान्स अशा सरकारी संस्थांतही ती सुविधा सुरू झाली.

मशीनचे तीन प्रकार

गामा नाइफ : कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूवर चालते. नव्या मॉडेलमध्ये १९२, तर जुन्या काही मॉडेलमध्ये २०१ स्रोत. फक्त डोके आणि मानेचा वरचा भाग यासाठी. कोबाल्टची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणून काही वर्षांनी स्रोत बदलावे लागतात.

लिनॅक : विजेवर एक्स-रे तयार करणारे मशीन. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत रोजचे रेडिएशन याच मशीनवर होते. त्यातली आधुनिक यंत्रे अचूक मोजमापाची जोड देऊन रेडिओसर्जरीसाठी वापरतात.

सायबर नाइफ : रोबोटच्या हातावर बसवलेले छोटे लिनॅक. अमेरिकेतील स्टॅनफर्डचे डॉ. जॉन अ‍ॅडलर यांनी ते विकसित केले. ते काही काळ लेक्सेल यांच्याकडेच शिकले होते. १९९४ मध्ये पहिल्या रुग्णावर वापर झाला. डोक्यासोबत मणका, फुप्फुस अशा ठिकाणीही चालते.

यातले कोणते मशीन भारी, यावर जाहिरातीत बरेच काही लिहिलेले असते. छोट्या गाठीसाठी तिन्हींचे निकाल जवळपास सारखे येऊ शकतात. मशीनच्या नावापेक्षा ते चालवणारी टीम अनुभवी आहे का, हे जास्त महत्त्वाचे. त्या टीममध्ये मेंदूचे सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि डोसचे गणित करणारा फिजिसिस्ट हे तिघेही असायला हवेत.

कोणत्या आजारात उपयोग होतो?

दुसरीकडून मेंदूत पसरलेला कॅन्सर : फुप्फुस किंवा स्तनाचा कॅन्सर मेंदूत पसरतो तेव्हा छोट्या छोट्या गाठी दिसतात. पूर्वी सगळ्या मेंदूलाच दहा दिवस शेक देत. त्याने पुढे स्मरणशक्तीवर परिणाम होतो. सगळ्या रानावर फवारणी करण्याऐवजी फक्त रोगट झाडावर फवारावे, तसे आता मोजक्या गाठी असतील तर फक्त त्यांच्यावरच किरण देतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जपानमधील मोठ्या अभ्यासात ५ ते १० गाठी असलेल्या रुग्णांनाही याचा २ ते ४ गाठी असलेल्यांइतकाच फायदा दिसला.

मेनिंजिओमा : मेंदूच्या आवरणाची गाठ. बहुतेक वेळा कॅन्सर नसते, हळू वाढते. कवटीच्या तळाशी, ऑपरेशनला अवघड जागी असेल किंवा ऑपरेशननंतर थोडी उरली असेल तर रेडिओसर्जरी करतात.

कानाच्या नसेची गाठ : एका कानाने कमी ऐकू येणे, कानात सतत आवाज, तोल जाणे. फोन एका कानाला लावला की ऐकू येत नाही, दुसऱ्याला लावला की येते, इथून अनेकांच्या लक्षात येते. ही गाठ कॅन्सरची नाही. छोटी असेल तर १२-१३ ग्रे डोसमध्ये दहापैकी नऊपेक्षा जास्त रुग्णांत तिची वाढ थांबते.

पिट्युटरीची गाठ : मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची गाठ. बोटातली अंगठी बसेनाशी होणे, चपलेचा नंबर वाढणे, बाईची पाळी बंद होणे, बाळ नसताना दूध येणे, कडेचे दिसेनासे होणे ही लक्षणे. यातला दूध येण्याचा प्रकार बहुधा फक्त गोळ्यांनी आटोक्यात येतो. बाकी प्रकारांत बहुतेकदा आधी नाकातून ऑपरेशन आणि उरलेल्या भागावर रेडिओसर्जरी.

रक्तवाहिन्यांचा गुंता : याला एव्हीएम म्हणतात. जन्मजात असतो आणि तरुणपणी फुटून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. किरणांनी त्या वाहिन्यांचे अस्तर जाड होत होत गुंता बंद पडतो. छोटा गुंता असेल तर साधारण ७० ते ८० टक्के रुग्णांत तो बंद होतो, पण त्याला दोन ते तीन वर्षे लागतात. तोपर्यंत रक्तस्रावाचा धोका कायम राहतो.

चेहऱ्याच्या नसेची कळ : गालात, जबड्यात विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते. घास चावताना, तोंड धुताना, वाऱ्याने सुद्धा. अनेक रुग्ण दातदुखी समजून एकामागून एक चांगले दात काढून घेतात आणि कळ तशीच राहते. आधी गोळ्या देतात. गोळ्यांनी भागत नसेल आणि वय किंवा इतर आजारामुळे ऑपरेशन झेपणार नसेल, तर नसेच्या मुळाशी एकदाच ७० ते ९० ग्रे डोस देतात. आराम पडायला काही आठवडे ते दोन-तीन महिने जातात.

हाताचा कंप : औषधाने न थांबणाऱ्या काही कंपाच्या रुग्णांतही मेंदूतील ठराविक बिंदूवर याचा वापर होतो. पार्किन्सनमध्ये मात्र मुख्य उपचार औषधेच.

कुठे उपयोग होत नाही?

हा भाग नीट वाचावा, कारण इथेच पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातात.

गाठ साधारण ३ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर एकाच बैठकीतला डोस धोक्याचा ठरतो. मोठी गाठ मेंदू दाबत असेल, त्यामुळे उलट्या, गुंगी, अंगाची एक बाजू लुळी पडणे सुरू झाले असेल, तर दाब लगेच कमी करावा लागतो. ते काम ऑपरेशनच करते. किरणांचा परिणाम दिसायला महिने लागतात.

ग्लायोमा नावाच्या, मेंदूतूनच उगवणाऱ्या गाठीत मुळे आजूबाजूला पसरलेली असतात. त्यातल्या ग्लायोब्लास्टोमा या जोरकस प्रकारात झेपेल तेवढी गाठ ऑपरेशनने काढणे, मग सहा आठवडे रोजचे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या हा ठरलेला उपचार आहे. त्याऐवजी 'एका दिवसात गाठ गायब' असे कोणी सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

डोळ्याच्या नसेला गाठ चिकटली असेल तरी अडचण येते. ही नस एका वेळेस ८ ते १० ग्रेच्या वर डोस सहन करत नाही, नजर जाऊ शकते. अशा वेळी डोस पाच बैठकांत विभागतात किंवा दुसरा मार्ग धरतात.

आणि काही वेळा काहीच न करणे हाही उपचार असतो. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात दुसऱ्याच कारणाने केलेल्या स्कॅनमध्ये छोटा मेनिंजिओमा सापडला आणि त्रास काही नसेल, तर डॉक्टर दर सहा महिन्यांनी, वर्षाने एमआरआय करून लक्ष ठेवायला सांगतात. याचा अर्थ डॉक्टरांनी हात टेकले असा नाही.

उपचाराच्या दिवशी काय होते?

रुग्ण सकाळी दाखल होतो. गामा नाइफमध्ये बहुधा कपाळाला आणि मागे चार ठिकाणी भूल देऊन धातूची हलकी चौकट पिनांनी बसवतात. केस कापत नाहीत. सुई टोचताना दुखते, नंतर फक्त डोके आवळल्यासारखे वाटते. चौकटीसह एमआरआय होतो. मग डॉक्टर संगणकावर गाठ आखतात, डोस ठरवतात. यात दोन-तीन तास जाऊ शकतात. त्यानंतर रुग्णाला मशीनच्या पलंगावर झोपवतात. वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत वेळ लागतो. माणूस जागा असतो, बाहेरच्या माणसांशी बोलू शकतो, किरण जाताना काहीही जाणवत नाही. चौकट काढून पट्टी लावतात आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. लहान मुलांना मात्र पूर्ण भूल लागते.

लिनॅक आणि सायबर नाइफमध्ये पिनांऐवजी चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार प्लास्टिकचा मुखवटा वापरतात. नव्या गामा नाइफवरही मुखवट्याची सोय आहे.

नंतरचे धोके आणि घ्यायची काळजी

पहिल्या एक-दोन दिवसांत डोकेदुखी, मळमळ, पिनांच्या जागी सूज येऊ शकते. पुढे काही महिन्यांनी गाठीभोवती मेंदूला सूज येऊ शकते. काही रुग्णांत किरणांनी मेंदूचा छोटा भाग निकामी होतो. त्याचे प्रमाण कमी आहे, पण धोका शून्य नाही. चेहऱ्याच्या नसेवर उपचार झाल्यास गाल बधिर राहू शकतो. कानाच्या गाठीत ऐकणे पुढे कमी होऊ शकते. पिट्युटरीच्या उपचारानंतर काही वर्षांनी हार्मोन कमी पडू शकतात, म्हणून रक्ततपासणी चालू ठेवावी लागते.

सुजेसाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या मनानेच एकदम बंद करू नयेत. त्या गोळ्यांनी साखर वाढते, शुगरच्या रुग्णांनी तपासत राहावे. फिटच्या गोळ्याही डॉक्टर सांगेपर्यंत सोडायच्या नाहीत.

सर्वात मोठी चूक होते ती नंतर. गाठ लगेच नाहीशी होत नाही. साध्या गाठीत 'वाढ थांबली' हेच यश असते. कानाच्या नसेची गाठ तर पहिल्या वर्ष-दीड वर्षात थोडी फुगलेली दिसते आणि मग बसते. हे माहीत नसल्याने उपचार फसला म्हणून लोक घाबरतात. उलट काही जण बरं वाटतंय, पेरणी आली, म्हणून एमआरआय टाळतात. साध्या गाठीत सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षाला, तर पसरलेल्या कॅन्सरमध्ये दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय होणे हा उपचाराचाच भाग आहे. तो चुकला तर नवीन गाठ लक्षात यायला उशीर होतो.

गैरसमज

- 'लाईट घेतलेल्या माणसाजवळ लेकरांनी जाऊ नये' हे खोटे आहे. किरण बाहेरून येतात आणि मशीन बंद झाले की संपतात. रुग्णाच्या अंगात काही राहत नाही. एका ताटात जेवा, नातवाला मांडीवर घ्या, काही होत नाही.
- 'सगळे केस जातात.' रेडिओसर्जरीत सहसा जात नाहीत. गाठ कवटीच्या अगदी कडेला असेल तर तेवढ्या जागचे विरळ होऊ शकतात.
- 'प्रत्येक डोकेदुखी म्हणजे गाठ.' बहुतेक डोकेदुखी गाठीची नसते. मात्र पहाटे डोके दुखून उलटी होणे, मोठ्या वयात पहिल्यांदाच फिट येणे, एका बाजूचा हात-पाय कमजोर होणे, बोलणे अडखळणे, नजर कमी होणे, एका कानाने ऐकू न येणे यांपैकी काही असेल तर अंगारा, मालिश यात दिवस घालवू नयेत.

खर्च आणि योजना

खाजगी रुग्णालयात हा खर्च लाखांच्या घरात जातो. रान गहाण टाकण्याआधी पुढील मार्ग तपासावेत.

१) महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना व आयुष्मान भारत : राज्यात दोन्ही योजना एकत्रित राबवल्या जात असून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार लागते. रुग्णालय योजनेत आहे एवढे पुरेसे नाही. आपल्याला सांगितलेला उपचार त्या रुग्णालयात योजनेतून होतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारावे. टोल फ्री क्रमांक १५५३८८ आणि १४५५५.

२) धर्मादाय रुग्णालये : नोंदणीकृत मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला निघण्याआधीच काढून ठेवावा. तिथे गेल्यावर तिथला समाजसेवा विभाग गाठावा.

३) मुख्यमंत्री सहायता निधी : अर्जासोबत रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक लागते.

४) प्रवास आणि मुक्काम : कॅन्सर रुग्णाला रेल्वे तिकिटात सवलत आहे, त्यासाठी रुग्णालयाचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्यांसाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अनेक वर्षांपासून आधार आहे.

निघताना सोबत घ्या : एमआरआयची मूळ सीडी (मोबाईलवरच्या फोटोवरून डॉक्टर मोजमाप करू शकत नाहीत), आधीचे सगळे रिपोर्ट, ऑपरेशन झाले असल्यास तुकड्याच्या तपासणीचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी, रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला. छातीत पेसमेकर असेल, किडनीचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल तर हे सगळ्यात आधी सांगावे.

डॉक्टरांना विचारायचे सहा प्रश्न

१. गाठीचे नाव काय आणि ती कॅन्सरची आहे का?
२. आत्ता काहीच न करता लक्ष ठेवले तर चालेल का?
३. ऑपरेशन, रोजचे रेडिएशन आणि रेडिओसर्जरी यात माझ्यासाठी कोणते आणि का?
४. नजर, ऐकणे, चालणे यावर काय परिणाम होऊ शकतो?
५. एका बैठकीत होणार की तीन-पाच? किती दिवस राहावे लागेल?
६. पहिला एमआरआय कधी आणि तो जवळच्या शहरात करून सीडी पाठवली तर चालेल का?

हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि सोबत लिहिता येणारा एक माणूस असावा. ओपीडीत दहा मिनिटे मिळतात, घाबरलेल्या माणसाला त्यातले निम्मे आठवत नाही. चांगले डॉक्टर या प्रश्नांना वैतागत नाहीत. आणि रुग्ण बेशुद्ध नसेल, सतत फिट येत नसतील, दाब वाढलेला नसेल, तर दुसरे मत घेण्यासाठी आठवडाभर थांबल्याने सहसा काही बिघडत नाही. घाईत विकलेले रान मात्र परत मिळत नाही.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्येक रुग्णाचा उपचार वेगळा असतो, निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)